यादीत शेवटचा नंबर म्हणजे काम कमी? कार्यक्षमता मोजणाऱ्या गणिताची गोष्ट

माझे काका एका बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेचे मॅनेजर होते. दर तिमाहीला विभागीय कार्यालयात आढावा बैठक व्हायची. पडद्यावर सगळ्या शाखांची यादी यायची, पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत. काकांची शाखा बहुतेक वेळा शेवटच्या चार-पाच ओळींत असायची. त्या रात्री ते घरी आले की कुणी फारसं बोलायचं नाही. काकू एवढंच म्हणायच्या, "अहो, आधी जेवून घ्या."

मी तेव्हा शाळेत होते. एकदा न राहवून विचारलं, "काका, तुमची शाखा खरंच कमी काम करते का?"

ते हसले. म्हणाले, "अगं, शहरातल्या शाखेत पंचवीस माणसं, आमच्याकडे सहा. त्यांच्याकडे व्यापारी येतात, आमच्याकडे पीककर्जवाले शेतकरी. यादीत मात्र दोघांना एकच फूटपट्टी."

मी पुढे इंग्रजी साहित्य शिकले. गणिताशी नातं दहावीनंतर संपलं, असंच वाटत होतं. पण काकांचा तो प्रश्न मनात राहिला होता. लहान आणि मोठ्या, वेगवेगळ्या परिस्थितीत काम करणाऱ्या संस्थांची न्याय्य तुलना करायची कशी? या प्रश्नासाठी एक अख्खी गणिती पद्धत आहे, हे मला अलीकडे कळलं. तिचं नाव डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, थोडक्यात डीईए. नाव अवघड आहे, पण कल्पना इतकी सरळ आहे की माझ्यासारखीलाही समजली.

गाडी ॲव्हरेज किती देते?

कार्यक्षमता म्हणजे काय, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. नवी स्कूटर घेतली की पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" एक लिटर पेट्रोल घातलं, इतके किलोमीटर मिळाले. काय घातलं आणि काय मिळालं, यांचा भागाकार म्हणजे कार्यक्षमता.

स्कूटरचं सोपं असतं. एक गोष्ट आत जाते, एक बाहेर येते. शाळेचं, दवाखान्याचं किंवा बँकेचं तसं नसतं. दवाखान्यात डॉक्टर, नर्स, खाटा, औषधं आणि पैसा लागतो. त्यातून बाह्यरुग्ण तपासले जातात, शस्त्रक्रिया होतात, बाळंतपणं होतात. आता यांची बेरीज कशी करायची? एक बाळंतपण म्हणजे किती सर्दी-खोकल्याचे रुग्ण?

नेहमीचा उपाय म्हणजे एखाद्या समितीने बसून भारांक ठरवायचे. बारावीनंतर कॉलेज शोधताना अनेक घरांत एनआयआरएफची यादी पाहिली जाते. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ साली पहिल्यांदा जाहीर झाली. तिच्या रचनेत विद्यापीठांसाठी अध्यापन आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला २० टक्के, सर्वसमावेशकतेला १० टक्के आणि लोकांमधल्या प्रतिमेला १० टक्के असे भारांक होते. यात चूक काही नाही. देशाला कशाचं महत्त्व वाटतं, हे त्यातून कळतं. पण संशोधनाचे ३० टक्के १५ केले आणि उरलेले अध्यापनाला दिले, तर यादी वर-खाली होईल. कॉलेजं तीच, शिक्षक तेच, नंबर मात्र वेगळे.

म्हणजे भारांक ठरवणारा नकळत निकालही ठरवत असतो. डीईएचं वेगळेपण इथेच आहे.

तीन शाखांची गोष्ट

काकांच्या शाखेचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत. म्हणून समजण्यासाठी तीन काल्पनिक शाखा घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून एकच खर्च धरू, कर्मचारी. आणि कामं दोन धरू, रोजचे काउंटरवरचे व्यवहार आणि महिन्याला मंजूर होणारी कर्जप्रकरणं.

• बाजारपेठ शाखा: १० कर्मचारी, ६०० व्यवहार, २० कर्जप्रकरणं
• कॉलनी शाखा: १० कर्मचारी, ३२० व्यवहार, ४० कर्जप्रकरणं
• गावाकडची शाखा: ५ कर्मचारी, १०० व्यवहार, ४० कर्जप्रकरणं

व्यवहारांप्रमाणे यादी लावली, तर गावाकडची शाखा सरळ शेवटची. बैठकीत मान खाली घालून बसायची पाळी तिच्या मॅनेजरची.

आता डीईए काय करतं ते पाहा. ते प्रत्येक शाखेला म्हणतं, "भारांक तूच ठरव. तुझं काम जास्तीत जास्त चांगलं दिसेल अशी फूटपट्टी निवड. अट एकच. तीच फूटपट्टी बाकीच्यांनाही लावली जाईल आणि तिच्यावर कुणालाही १०० टक्क्यांच्या वर जाता येणार नाही."

गावाकडची शाखा म्हणेल, "कर्जप्रकरणं मोजा." एका कर्मचाऱ्यामागे तिची ८ प्रकरणं, कॉलनीची ४, बाजारपेठेची २. गावाकडची शाखा १०० टक्के. बाजारपेठ शाखा म्हणेल, "व्यवहार मोजा." एका कर्मचाऱ्यामागे तिचे ६०, कॉलनीचे ३२, गावाचे २०. तीही १०० टक्के.

राहिली कॉलनी शाखा. फक्त कर्जं मोजली तर ती गावाच्या तुलनेत ५० टक्क्यांवर. फक्त व्यवहार मोजले तर बाजारपेठेच्या तुलनेत साधारण ५३ टक्क्यांवर. तिला दोन्हींचं मिश्रण सोयीचं आहे. तिच्या दृष्टीने सर्वांत चांगले भारांक निघतात ते असे: एका व्यवहाराला ३ गुण, एका कर्जप्रकरणाला २० गुण. या मापाने बाजारपेठेला एका कर्मचाऱ्यामागे २२० गुण मिळतात, गावाकडच्या शाखेलाही २२०. कॉलनी शाखेला मिळतात १७६. म्हणजे ८० टक्के. भारांक कितीही फिरवून पाहा, ती याच्या वर जात नाही.

मला या पद्धतीतलं सर्वांत आवडलेलं हेच. कुणालाही "माझ्यावर अन्याय झाला, फूटपट्टीच चुकीची होती" असं म्हणायला जागा राहत नाही. स्वतःच्या सोयीचं माप घेऊनही मागे पडलात, तर सुधारायला नक्कीच वाव आहे.

नुसता नंबर नाही, वाटही

यादीतला नंबर आपण कुठे आहोत ते सांगतो. पुढे काय करायचं, ते सांगत नाही. डीईए तेही सांगतं.

बाजारपेठ शाखेचा निम्मा भाग घ्या: ५ कर्मचारी, ३०० व्यवहार, १० कर्जप्रकरणं. त्यात गावाकडची अख्खी शाखा मिळवा: ५ कर्मचारी, १०० व्यवहार, ४० कर्जप्रकरणं. बेरीज झाली १० कर्मचारी, ४०० व्यवहार आणि ५० कर्जप्रकरणं. कॉलनी शाखेकडेही १० च कर्मचारी आहेत, पण तिचे व्यवहार ३२० आणि कर्जं ४०. दोन्ही बरोबर ८० टक्के.

म्हणजे कॉलनी शाखेचं उद्दिष्ट कुणी वरून हवेतून ठरवलेलं नाही. दोन चालत्या-बोलत्या शाखा आज जे करून दाखवतात, त्यावरूनच ते आलं आहे. शिकायचं कुणाकडून हेही ठरलं. काउंटरची गर्दी कशी हाताळायची ते बाजारपेठेकडून, कर्जाच्या फायली लवकर कशा हलवायच्या ते गावाकडून. ज्या शाखेला यादीने शेवटी बसवलं होतं, तीच आता दुसऱ्याची गुरू झाली.

एन्व्हलप म्हणजे वेढणं, लपेटणं. आलेखाच्या कागदावर प्रत्येक शाखा एक टिंब म्हणून मांडली आणि सर्वांत पुढच्या टिंबांना जोडणारी रेघ ओढली, की बाकीची सगळी टिंबं तिच्या आत लपेटली जातात. रेघेवरचे १०० टक्के. आतलं प्रत्येक टिंब रेघेपासून किती दूर आहे, त्यावरून त्याची टक्केवारी. सरासरीशी इथे तुलनाच नाही. तुलना आहे ती जे उत्तम काम करून दाखवतात त्यांच्याशी.

शाळांमधून जन्मलेलं गणित

ही पद्धत कारखान्यांचा नफा वाढवायला निघाली असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती आली गरीब मुलांच्या शाळांमधून.

अमेरिकेत १९६० च्या दशकात गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी 'फॉलो थ्रू' नावाचा मोठा सरकारी शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला. त्याचा उपयोग झाला का, हे तपासायचं होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करणारे एडवर्डो ऱ्होड्स या कामाला लागले. त्यांचे मार्गदर्शक होते विल्यम कूपर. नेहमीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी समाधानकारक उत्तर मिळेना. तेव्हा ऱ्होड्स यांनी १९५७ सालचा एक जुना शोधनिबंध कूपर यांच्यासमोर ठेवला. तो मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाचा होता. कार्यक्षमता मोजताना सरासरीऐवजी उत्तम कामगिरीच्या सीमारेषेशी तुलना करायची, ही कल्पना त्यात होती.

कूपर आणि त्यांचे जुने सहकारी गणितज्ञ अब्राहम चार्न्स यांनी ही कल्पना अनेक खर्च आणि अनेक फळं असलेल्या संस्थांना लागू पडेल अशी वाढवली. तिघांचा शोधनिबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८१ मध्ये ७० शाळा-केंद्रांचा अभ्यास त्यांनी मांडला. त्यातली ४९ कार्यक्रमातली होती आणि २१ बाहेरची.

त्यांनी काय काय मोजलं ते पाहण्यासारखं आहे. शाळेला मिळालेल्या गोष्टींमध्ये आईचं शिक्षण, घरातल्या व्यक्तीचा व्यवसाय, पालकांच्या शाळेतल्या फेऱ्या, पालक मुलाबरोबर अभ्यासासाठी घालवत असलेला वेळ आणि शिक्षकांची संख्या. शाळेने दिलेल्या गोष्टींमध्ये वाचन, गणित आणि तिसरी गोष्ट म्हणजे मुलाचा आत्मसन्मान. आत्मसन्मानाला बाजारात भाव नसतो. गणिताच्या किती गुणांबरोबर तो मोजायचा हे कोण सांगणार? म्हणूनच आधी भारांक न ठरवता चालणारी पद्धत हवी होती.

कूपर यांचं आयुष्यही वेगळं होतं. वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना शाळा अर्धवट सोडावी लागली. पोटासाठी त्यांनी व्यावसायिक बॉक्सिंग केलं, गोल्फच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या उचलल्या. पुढे शिकून ते प्राध्यापक झाले.

लहान शाखेची आणखी एक अडचण

दहा खोल्यांच्या दवाखान्याने पाचशे खाटांच्या रुग्णालयाइतकी काटकसर दाखवावी, हा आग्रह बरोबर आहे का? एक्स-रे मशीन दोघांनाही लागतं, पण मोठ्याकडे ते दिवसभर चालतं.

हा मुद्दा १९८४ साली राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्यासोबत गणितात आणला. त्यांच्या सुधारित पद्धतीत संस्थेची तुलना साधारण तिच्याच आकाराच्या संस्थांशी होते. मग उणीव दोन भागांत सांगता येते. काही उणीव कामाच्या पद्धतीत असते. काही फक्त आकारामुळे असते, आणि तिचा दोष तिथल्या मॅनेजरवर ढकलता येत नाही.

आणि क्रमवारीचं काय? आपल्या उदाहरणात दोन शाखा १०० टक्के निघाल्या. पहिली कोण? यावर १९९३ मध्ये पेर अँडरसन आणि नील्स पीटरसन यांनी एक युक्ती सुचवली. १०० टक्केवाल्या संस्थेला थोडा वेळ बाजूला काढा, उरलेल्यांची सीमारेषा आखा आणि मग ती संस्था या रेषेच्या किती पुढे आहे ते मोजा. दुसरी पद्धत अशी की प्रत्येकाने निवडलेल्या फूटपट्टीने सगळ्यांना मोजायचं आणि सरासरी काढायची. स्वतःच्या मापाने सगळेच शहाणे असतात. दुसऱ्यांच्या मापानेही जो चांगला ठरतो, तो वर येतो.

विजेच्या बिलापासून एसटीपर्यंत

हे सगळं पुस्तकातच राहिलेलं नाही. नॉर्वेमध्ये घरोघरी वीज पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांकडून एकूण किती पैसे घ्यायचे, याची मर्यादा सरकारी नियामक ठरवतो. त्यासाठी १९९७ पासून डीईए वापरलं जातं. डोंगर, जंगल, बर्फ किंवा समुद्री वारे यांमुळे ज्यांचं काम अवघड होतं, त्यांच्यासाठी हिशेबात सुधारणा केली जाते. आपल्याकडेही सरकारी आणि खाजगी बँका, रुग्णालयं, राज्यांच्या एसटीसारख्या परिवहन सेवा यांचे डीईएने अनेक अभ्यास झाले आहेत. बससेवेत बसगाड्या, कर्मचारी आणि डिझेल हा खर्च, आणि प्रवाशांनी केलेला एकूण प्रवास हे फळ.

हे गणित संगणकावर होतं. ७० शाळा असतील तर ७० छोटी गणितं सोडवावी लागतात, प्रत्येकीसाठी एक. लहान उदाहरण तर एक्सेलमधल्या सॉल्व्हरनेही सुटतं.

या फूटपट्टीचेही दोष आहेत

पहिला दोष: १०० टक्के म्हणजे परिपूर्ण नव्हे. त्या गटात त्याच्याहून चांगलं कुणी सापडलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. गटातले सगळेच सुस्त असतील, तर त्यातल्या त्यात बरा असलेलाही १०० टक्के मिळवेल.

दुसरा दोष: संस्था थोड्या आणि मोजायच्या गोष्टी जास्त असतील, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचं काहीतरी सापडतं आणि सगळेच पहिले येतात. म्हणून अभ्यासक साधा ठोकताळा वापरतात. मोजायच्या गोष्टी पाच असतील, तर संस्था निदान पंधरा हव्यात.

तिसरा दोष: सीमारेषा पुढच्या दोन-चार टिंबांवर उभी असते. त्यातल्या एकाने आकडा फुगवला किंवा टायपिंगमध्ये एक शून्य जास्त पडलं, की बाकीचे सगळे विनाकारण आळशी ठरतात.

आणि चौथा सर्वांत मोठा: जे मोजलं नाही, ते या गणिताला दिसत नाही. म्हाताऱ्या आजोबांना पेन्शनचा फॉर्म समजावून सांगायला कारकुनाने दिलेली वीस मिनिटं कुठल्याच रकान्यात नसतील, तर गणिताच्या दृष्टीने ती वाया गेली. भारांक आकड्यांवर सोडता येतात. काय मोजायचं, हे मात्र माणसांनाच ठरवावं लागतं.

यादी समोर आली की

आपल्या घरातही याद्या येतच असतात. मुलांची शाळा, कॉलेज, दवाखाना, शहराची स्वच्छता. पुढच्या वेळी अशी यादी पाहाल, तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. यात काय मोजलंय आणि काय सुटलंय? भारांक कुणी ठरवले? लहान-मोठ्यांना आणि सोप्या-कठीण परिस्थितीतल्यांना एकाच रांगेत उभं केलंय का? आणि मागे राहिलेल्याला पुढे कसं जायचं, हे यादी सांगते का?

हे सगळं वाचल्यावर मी काकांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत. तीन शाखांचं उदाहरण त्यांना कागद-पेन घेऊन सोडवायला लावलं. गावाकडची शाखा १०० टक्के निघाली तेव्हा ते खूश झाले. मग मीच म्हटलं, "काका, पण हे काल्पनिक आकडे आहेत. तुमची खरी शाखा कदाचित या गणितातही मागेच निघाली असती."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निघू दे की. पण मग कुणाच्या शाखेत जाऊन काय बघून यायचं, ते तरी कळलं असतं. आमच्या बैठकीत तेवढंच कुणी सांगत नव्हतं."